व्हिसा अडकलाय की नुसता रांगेत आहे? दूतावासाला विचारण्याआधी हे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या, पर्यटन व्हिसासाठी 12 मे रोजी अर्ज केंद्रात कागद आणि बोटांचे ठसे दिले. आज 17 जून, म्हणजे 36 दिवस झाले. 29 जूनचं विमान आहे. ट्रॅकिंगवर महिनाभर एकच ओळ दिसतेय, ‘अर्ज दूतावासाकडे पाठवला’. तीन ईमेल केले, तिन्हींना तेच ठरावीक उत्तर आलं. केंद्रवाले फोन उचलतात, पण आमच्या हातात काही नाही म्हणतात. आता दूतावासाच्या दारात जाऊन उभं राहावं का, की कुणाची ओळख काढावी?

दोन्ही नको. तुमचा खरा प्रश्न ‘दूतावासाशी संपर्क कसा करू’ हा नाहीच. फाइल रांगेत आहे की एखाद्या गोष्टीसाठी थांबलीय, हे आधी कळायला हवं. रांगेत असेल तर कितीही मेल करा, ती जागची हलणार नाही. पण थांबली असेल, म्हणजे एखादा कागद कमी असेल, कुणी फोन उचलला नसेल किंवा पत्र स्पॅममध्ये पडून असेल, तर एकाच नेमक्या मेलने ती सुटू शकते. लोक रांग हलवायला मेल करतात आणि थांबलेली फाइल सोडवायला लागणारी माहितीच त्यात देत नाहीत.

आधी मुदतीचा हिशेब करू. शेंगेनच्या व्हिसा संहितेत निर्णयाची साधारण मुदत 15 दिवस आहे आणि गरज वाटली तर ती 45 दिवसांपर्यंत वाढवता येते. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, कामकाजाचे नाहीत. शनिवार, रविवार, सुट्ट्या सगळं धरून. जुन्या लेखांत 30 आणि 60 हे आकडे अजून सापडतात. फेब्रुवारी 2020 पासून ते लागू नाहीत. तुमचे 36 दिवस नेहमीपेक्षा जास्त आहेत, पण कमाल मुदतीच्या आतच आहेत. 12 मेपासून मोजलं तर 45वा दिवस 26 जूनला येतो, विमानाच्या तीन दिवस आधी. शिवाय मुदत मोजली जाते ती दूतावासाने अर्ज ग्राह्य धरला तिथपासून. केंद्रातून कागद पोचायला दोन-तीन दिवस लागले आणि दूतावासाने त्या दिवसापासून मोजलं, तर 45वा दिवस थेट 29 जूनवरच येऊन बसतो. म्हणून उद्यासुद्धा उत्तर येऊ शकतं आणि विमानाच्या दिवसापर्यंत न आलं तरी नियम मोडला असं म्हणता येणार नाही. हे गृहीत धरूनच पुढचं ठरवा.

इतर देशांचं गणित वेगळं आहे, त्यामुळे मित्राचा अनुभव आपल्याला लावू नका. ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसासाठी बाहेरून अर्ज केल्यावर साधारण तीन आठवडे सांगितले जातात आणि निर्णय अनेकदा तुमच्या शहरातल्या उच्चायुक्तालयात होतच नाही, त्यामुळे तिथे फोन करून हाती काही लागत नाही. कॅनडाला विचारायचं तर वेबफॉर्म, ऑस्ट्रेलियाचं जवळजवळ सगळं इमीअकाउंट या ऑनलाइन खात्यामध्ये. अमेरिकेत मुलाखत होते आणि मुलाखतीनंतर 221(जी)ची, म्हणजे अर्ज तूर्त थांबवल्याची, चिठ्ठी मिळाली असेल, तर ऑनलाइन स्टेटसवर ‘रिफ्यूज्ड’ असं दिसू शकतं. ते पाहून लोकांच्या पोटात गोळा येतो. प्रत्यक्षात तो अर्ज कागदांसाठी किंवा प्रशासकीय तपासासाठी थांबलेला असू शकतो, दार कायमचं बंद झालंय असं नाही. मागितलेले कागद द्यायला एक वर्ष असतं. त्या वर्षात काहीच दिलं नाही, तर मात्र नवा अर्ज आणि नवी फी.

आता फाइल कुणाच्या हातात आहे ते बघू. अर्ज केंद्र म्हणजे दूतावासाने नेमलेली बाहेरची कंपनी. कागद घेणं, ठसे-फोटो घेणं, पाकीट पोचवणं आणि परत आणणं, एवढंच तिचं काम. निर्णय ती घेत नाही आणि निर्णय काय झाला हेही तिला सांगितलं जात नाही. पासपोर्ट बंद पाकिटात परत येतो. त्यामुळे केंद्राला ‘व्हिसा मिळाला का’ असं विचारण्यात अर्थ नाही. पण दोन गोष्टी केंद्रच सांगू शकतं आणि त्या फार कामाच्या आहेत. माझं पाकीट दूतावासाकडे नेमकं कोणत्या तारखेला गेलं? आणि दूतावासाकडून माझ्या नावाने काही कागद मागवल्याची नोंद तुमच्याकडे आहे का? अतिरिक्त कागदांची मागणी बऱ्याचदा केंद्रामार्फत येते आणि तिचा एसएमएस हरवतो किंवा एजंटच्या नंबरवर जातो. आज पहिला फोन केंद्रालाच करा, मात्र हे दोन प्रश्न घेऊन.

मग स्वतःच्या बाजूचं तपासा. यात अर्धा तास जाईल आणि बऱ्याच ‘अडकलेल्या’ फायलींचं कारण इथेच सापडतं. अर्जात दिलेला ईमेल कोणता? एजंटने फॉर्म भरला असेल तर त्याने स्वतःचा ईमेल टाकलेला असतो, आणि दूतावास लिहितो तो त्या पत्त्यावर. स्पॅम, प्रमोशन्स, सगळे फोल्डर उघडा आणि देशाचं नाव, ‘व्हिसा’ आणि पासपोर्ट क्रमांक असे तीन वेगवेगळे शोध घ्या. मोबाइलवरचे अनोळखी मिस्ड कॉल बघा, विशेषतः सकाळच्या वेळचे. ऑफिसच्या एचआरला विचारा की पडताळणीसाठी कुणी फोन केला होता का. नोकरीच्या पत्रावरचा लँडलाइन कुणी उचलत नसेल तर पडताळणी तिथेच थांबते. निमंत्रणावर जात असाल तर यजमानालाही हेच विचारा. हॉटेलचं बुकिंग आपोआप रद्द तर झालं नाही ना, तेही पाहून घ्या. फुकट रद्द होणारी बुकिंगं कधीकधी कार्ड न चालल्याने उडतात आणि अर्जदाराला पत्ता नसतो.

एवढं झाल्यावर मेल. तुम्ही पाठवलेला एक मेल तुम्ही इथे दिलाय: ‘सर, कृपया माझा व्हिसा लवकर द्या, तिकीट काढलेलं आहे, मी तीन वेळा विचारलं आहे.’ विषयाच्या जागी फक्त ‘अर्जंट’. आता टेबलाच्या पलीकडून बघा. समोर मेलची रांग आहे आणि या मेलमध्ये फाइल शोधायला एकही आकडा नाही. आडनावावरून शोधलं तर पंधरा जण निघतील. त्यामुळे ठरावीक उत्तराची कळ दाबणं हाच त्या माणसाचा सर्वांत सोपा मार्ग. मेल असा हवा की वाचणाऱ्याने क्रमांक उचलून सिस्टिममध्ये टाकला की फाइल उघडली पाहिजे. मेल इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत लिहा. मजकूर साधारण असा:

विषय: पर्यटन व्हिसा, ट्रॅकिंग क्र. …, पासपोर्ट क्र. …, प्रवास 29 जून

‘मी 12 मे रोजी तुमच्या अर्ज केंद्रात शेंगेन व्हिसासाठी अर्ज केला. केंद्राच्या नोंदीप्रमाणे पाकीट दूतावासाकडे … तारखेला पोचलं आहे.
पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव: …
जन्मतारीख: …
पासपोर्ट क्रमांक: …
केंद्राचा ट्रॅकिंग क्रमांक: …
प्रवास: 29 जून ते 8 जुलै
माझ्याकडून एखादा कागद किंवा खुलासा हवा आहे का आणि तपासाची मुदत वाढवली आहे का, एवढंच कळवावं. मोबाइल … वर मी दिवसभर उपलब्ध आहे. पावती जोडली आहे.’

बस, एवढंच. तिकीट किती महाग पडलं, मुलं किती उत्सुक आहेत, याआधी किती देश फिरलात, यातलं काही नको. ‘व्हिसा कधी मिळेल’ हा प्रश्न मुद्दाम टाकलेला नाही, कारण त्याचं उत्तर द्यायला कुणीच बांधील नसतं आणि तो मेलमध्ये असला की सगळा मेलच ‘स्टेटस विचारणा’ म्हणून बाजूला पडतो. ‘माझ्याकडून काही बाकी आहे का’ या प्रश्नाचं उत्तर मात्र फाइल उघडल्याशिवाय देता येत नाही.

बारीक गोष्टी, ज्यांवर मेल फुकट जातात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनाव कोणतं आणि दिलेलं नाव कोणतं हे वेगळं करून. लग्नानंतरचं नाव पासपोर्टवर नसेल तर ते इथेही नको. जन्मतारखेत महिना अक्षरांत लिहा, कारण 03/04 म्हणजे कुणाला 3 एप्रिल वाटतं तर कुणाला 4 मार्च. पासपोर्ट क्रमांकात शून्य आणि ओ यांची गल्लत होत नाही ना, ते पासपोर्ट समोर ठेवून ताडून पाहा. पावतीवर बहुधा दोन-तीन क्रमांक असतात: केंद्राचा ट्रॅकिंग क्रमांक, फी भरल्याचा क्रमांक, कधी दूतावासाचा स्वतःचा अर्ज क्रमांक. फी भरल्याच्या क्रमांकावरून फाइल सापडेल याची खात्री नसते. बाकीचे दोन्ही द्या, कोणता कुठला ते नमूद करून. अमेरिकेच्या बाबतीत डीएस-160 या ऑनलाइन अर्जाचा, ‘AA’ अक्षरांनी सुरू होणारा पुष्टी क्रमांक लागतो, अपॉइंटमेंटच्या वेबसाइटवरचा युजर आयडी नाही. मेल अर्जात दिलेल्या ईमेलवरूनच पाठवा. दुसऱ्या पत्त्यावरून गेलेल्या मेलला ‘आम्ही त्रयस्थ व्यक्तीला माहिती देत नाही’ असं उत्तर येऊ शकतं आणि त्यांच्या जागी ते बरोबरच असतं.

जोडपत्र एकच, पावतीची पीडीएफ, हलकी. मोबाइलने काढलेले सहा मोठे फोटो नकोत. सगळे कागद पुन्हा पाठवू नका. न मागितलेला कागद फाइलला लागत नाही, आणि लागलाच तर जुन्या-नव्यातल्या फरकाचा खुलासा द्यायची पाळी येते.

आधीच्या तीन मेलचं काय करायचं? ते तसेच राहू द्या, त्यांना उत्तर म्हणून लिहू नका. हा मेल नवा, आणि इथून पुढचं सगळं याच मेलच्या साखळीत. ठरावीक उत्तर मात्र एकदा शेवटपर्यंत वाचा. लोक पहिली ओळ वाचून सोडून देतात, आणि खाली लिहिलेलं असतं की कोणता क्रमांक विषयात टाका, किती दिवसांच्या आत स्टेटस विचारू नका, तातडीच्या प्रकरणांसाठी वेगळा पत्ता कोणता. ज्या पत्त्यावर उत्तर देऊ नये असं लिहिलंय, तिथे उत्तर दिलं तर ते कुठेच पोचत नाही.

फोनबद्दल. बऱ्याच वकिलातींच्या व्हिसा विभागाचा फोन आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ठरावीक तासभरच चालू असतो. वेळ त्यांच्या वेबसाइटवर असते. सुट्ट्या दोन्ही देशांच्या लागू होतात, हे विसरू नका. फोन लागला तर आधी पासपोर्ट क्रमांक, मग प्रश्न, आणि बोलणाऱ्याने काय सांगितलं ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा. प्रत्यक्ष जाण्याचा उपयोग एकाच वेळी: तुम्हाला बोलावलं असेल तेव्हा. अपॉइंटमेंट नसताना गेलात तर बोलणं होईल ते गेटवरच्या सुरक्षारक्षकाशी, आणि त्याच्याकडे तुमची फाइल नसते.

ओळखीबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. तुमच्या वतीने कुणी विचारलं तर दूतावासाला त्याला उत्तर देण्याचा अधिकार बहुधा नसतोच. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या 222(एफ) कलमाने व्हिसाच्या नोंदी गोपनीय आहेत, युरोपात डेटा संरक्षणाचा कायदा आहे. कॅनडाला प्रतिनिधी नेमायचा तर आयएमएम 5476 हा फॉर्म सही करून द्यावा लागतो, ऑस्ट्रेलियासाठी 956 क्रमांकाचे फॉर्म. शेंगेनसाठी तुमच्या सहीचं साधं अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत जोडून यजमान किंवा ऑफिस विचारू शकतं, पण मिळणारं उत्तर तुम्हाला मिळेल त्यापेक्षा जास्त नसतं. ‘आतला माणूस आहे, काम करून देतो’ असं म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर तिथून निघा. व्हिसा ज्यांचा मुळात येणारच होता, त्यांचा आला की हा माणूस श्रेय घेतो. बाकीच्यांचे फोन उचलत नाही. आणि समाजमाध्यमांवर दूतावासाच्या पोस्टखाली स्वतःचा पासपोर्ट क्रमांक टाकणं म्हणजे तो जगाला वाटणं.

मुदत संपायच्या आधीही लिहावं, नव्हे लिहायलाच हवं, अशा काही गोष्टी आहेत. पासपोर्ट नवा काढला, नोकरी बदलली, प्रवासाच्या तारखा किंवा यजमान बदलला, जवळच्या नात्यात मृत्यू किंवा गंभीर आजारपण झालं. या मेलमध्ये विषयातच बदल काय ते लिहा आणि पुरावा जोडा: हॉस्पिटलच्या लेटरहेडवरचं पत्र, मृत्यूचा दाखला. तिकीट परत न मिळणारं आहे, हे तातडीचं कारण धरत नाहीत. व्हिसा हाती येण्याआधी असं तिकीट काढू नका, असं दूतावास आधीपासूनच सांगत असतात. खोटं कारण तर अजिबात नको. पुढच्या प्रत्येक अर्जात ते तुमच्या मागे लागेल.

आता तुमच्या 29 जूनचं. इथे एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. शेंगेनच्या व्हिसावर ‘पासून-पर्यंत’ अशा तारखा असतात आणि खाली राहण्याचे दिवस वेगळे असतात. संहितेनुसार वैधतेत तुमच्या प्रवासाच्या दिवसांवर 15 दिवसांची सवलत धरलेली असते, सार्वजनिक सुव्यवस्थेसारखं कारण असलं तरच ती देत नाहीत. तुमचा प्रवास 29 जून ते 8 जुलै, म्हणजे 10 दिवस. मग पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर 29 जून ते 23 जुलै आणि राहण्याचे दिवस 10 असं येणं अपेक्षित आहे. समजा पासपोर्ट 2 जुलैला हातात आला, तरी 10 ते 19 जुलै असा प्रवास त्याच व्हिसावर बसतो. तेव्हा विमान कंपनीला आजच विचारा की तारीख बदलायला किती लागेल आणि बदलायची शेवटची मुदत कोणती. तारीख बदललीत तर विम्याच्या तारखाही बदला. किमान 30,000 युरोंचं संरक्षण नव्या तारखांनाही लागू असायला हवं. अर्ज अजून प्रलंबित असताना तारखा पक्क्या बदलल्या, तर त्याच मेल-साखळीत नवं तिकीट आणि नवा विमा जोडून कळवा.

पासपोर्ट परत मागायचा विचार करत असाल तर जरा थांबा. अनेक ठिकाणी निर्णयाआधी पासपोर्ट परत मागणं म्हणजे अर्ज मागे घेणं धरलं जातं. फी परत येत नाही, रांगेतली जागा जाते, आणि पुन्हा अर्ज केलात की पहिल्या पायरीपासून सुरुवात. तो नकार मात्र नाही. पुढच्या फॉर्ममध्ये ‘व्हिसा नाकारला होता का’ असा प्रश्न आला तर उत्तर ‘नाही’, आणि ‘अर्ज मागे घेतला होता का’ असं विचारलं तर ‘हो’. दुसऱ्या देशाचा प्रवास खरंच तातडीचा असेल तर आधी मेल करून विचारा की अर्ज चालू ठेवून पासपोर्ट तात्पुरता मिळतो का. काही देश देतात, काही नाही.

कॅनडासारख्या देशात फाइलमधल्या नोंदी माहिती-अधिकाराने मागवता येतात, हे कुणीतरी सुचवेलच. नकार का आला ते समजून घ्यायला तो मार्ग उत्तम. पण त्याला उत्तर द्यायलाच कायद्याने 30 दिवस आहेत. बारा दिवसांवर विमान असताना त्यात वेळ घालवू नका.

म्हणून क्रम असा ठेवा. आज केंद्राला फोन, इनबॉक्स आणि एचआरची तपासणी, संध्याकाळपर्यंत वरच्यासारखा एक मेल. मग 23 जूनपर्यंत गप्प बसा. काही आलं नाही तर त्याच साखळीत दोन ओळींचं स्मरणपत्र आणि त्याच दिवशी फोनच्या वेळेत फोन. विमान कंपनीच्या शेवटच्या मुदतीच्या आदल्या दिवशी तारीख बदलायचा निर्णय घ्या, व्हिसाची वाट बघत तो लांबवू नका. 45 दिवस उलटूनही काही कळलं नाही तर मेलमध्ये अर्जाची तारीख, पाकीट पोचल्याची तारीख आणि संहितेतली मुदत लिहून मुदतवाढीचं कारण लेखी मागा. दूतावासाच्या वेबसाइटवर तक्रारीचा वेगळा पत्ता असेल तर तिथेही. मुदत उलटली म्हणून व्हिसा आपोआप मंजूर होत नाही, पण अशा पत्राला ठरावीक उत्तराने वाटेला लावणं अवघड जातं.

आणि पाकीट हातात आलं की केंद्रातच उघडा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, दोन्ही तारखा, राहण्याचे दिवस, किती वेळा प्रवेश, एवढं तिथेच ताडून पाहा. चूक असेल तर ती दुरुस्त करून घेण्याची सोपी वेळ तीच. घरी गेल्यावर पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा पाकीट, पुन्हा रांग.